आधी नकार, मग आकार

साध्या अँड्रॉइड फोनने काढलेला फोटो आज बहुधा ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच असतो. एकूण १ कोटी २० लाख ठिपके, आणि फाइल तीन ते पाच एमबीची. हाच फोटो बातमीच्या पानावर ८०० पिक्सेलच्या चौकटीत दिसणार असेल, तर प्रत्यक्षात लागतात फक्त ४ लाख ८० हजार ठिपके. पाठवलेल्या पंचविसांतला एकच कामी येतो. बाकीचे चोवीस वाचकाच्या डेटा पॅकमधून वजा होतात, त्याच्या फोनची बॅटरी खातात आणि शेवटी ब्राउझर ते टाकून देतो. पानावर असे दहा फोटो असले आणि रेंज कमी असली, तर पान पूर्ण उघडायच्या आत वाचक निघून गेलेला असतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे फोटो चढवतानाच त्याच्या तीन-चार लहान प्रती करून ठेवायच्या. वर्डप्रेस आजही हेच करतं. अडचण अशी की त्यासाठी मापं आधीच ठरवावी लागतात, आणि साइटची रचना काही वर्षांनी बदलतेच. नवी रचना आली की जुन्या संग्रहातले हजारो फोटो पुन्हा कापायला बसायचं. मध्येच फोटो साठवण्याची एखादी नवी, हलकी पद्धत आली तरी तेच. चित्र-प्रॉक्सी हे ओझं उतरवते. वाचकाचा ब्राउझर मूळ फोटो मागतच नाही. तो प्रॉक्सीला एक पत्ता देतो आणि त्या पत्त्यातच लिहिलेलं असतं की अमुक फोटो हवा, ६४० पिक्सेल रुंद हवा. प्रॉक्सी मूळ फोटो आणते, कापते, दाबते आणि देते. माप बदलायचं असेल तर पत्त्यातला आकडा बदलायचा, इतकंच.

अशी सेवा बसवताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो दाबलेल्या फोटोच्या दर्जाचा: ८० ठेवू की ७०? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. अनोळखी माणसाने लिहून पाठवलेल्या पत्त्यावरून तुमच्या सर्व्हरला कामाला लावणारं हे यंत्र आहे. ते कोणतं काम नाकारेल, हे आधी ठरवायला हवं.

या प्रकारच्या प्रॉक्सी केवळ वजन कमी करण्यासाठी जन्मल्या नाहीत. २०१० साली गिटहबने कॅमो नावाची एक छोटी प्रॉक्सी वापरात आणली. त्यांची पानं सुरक्षित एचटीटीपीएस मार्गाने येत, पण लोक त्यांत जे फोटो जोडत ते बऱ्याचदा साध्या एचटीटीपीवरचे असत आणि त्यामुळे ब्राउझर इशारा दाखवत. कॅमो ते फोटो स्वतः आणून सुरक्षित मार्गाने पुढे देई. डिसेंबर २०१३ मध्ये जीमेलनेही पत्रांतले फोटो स्वतःच्या प्रॉक्सीतून द्यायला सुरुवात केली. त्याआधी फोटो उघडताच पाठवणाऱ्याला वाचकाचा आयपी पत्ता कळत असे. नंतर त्याला फक्त गूगलचा सर्व्हर दिसू लागला. पत्र उघडलं गेलं हे मात्र अजूनही कळू शकतं.

आपण उदाहरणासाठी इम्गप्रॉक्सी घेऊ. ईव्हिल मार्शन्स या कंपनीने गो भाषेत लिहिलेली ही मुक्त प्रणाली २०१७ मध्ये लोकांसमोर आली. स्वतःच्या सर्व्हरवर एका डॉकर कंटेनरमध्ये ती बसते. तिच्या पोटात फोटो कापण्याचं खरं काम करते लिबव्हिप्स ही लायब्ररी, आणि तिची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९८९ मध्ये युरोपात वसारी नावाचा एक प्रकल्प सुरू झाला. संग्रहालयांतली तैलचित्रं अत्यंत बारकाईने स्कॅन करायची, म्हणजे वर्षानुवर्षांत त्यांचे रंग किती उतरतात ते मोजता येईल, असा हेतू होता. लंडनची नॅशनल गॅलरी त्यात होती. त्या काळच्या संगणकांच्या स्मृतीत ते अजस्र फोटो मावत नसत. म्हणून पूर्ण फोटो एकदम न उघडता त्याचे लहान लहान पट्टे घेऊन काम करणारी व्यवस्था लिहावी लागली. चित्रांच्या जतनासाठी सोसलेली ती काटकसर आज बातम्यांच्या साइटला उपयोगी पडते, कारण एकाच वेळी शेकडो फोटो कापणाऱ्या सर्व्हरलाही स्मृतीचीच चणचण असते.

आता नकाराकडे. पहिला नकार सहीचा. समजा पत्त्यावर सही नाही आणि कुणीही हवी ती रुंदी आणि उंची मागू शकतो. दोन्ही १ ते ३००० च्या दरम्यान धरल्या, तरी एकाच फोटोची ९० लाख वेगवेगळी मापं होतात. एखाद्याने साधी आज्ञावली लिहून ती एकामागून एक मागितली, तर कॅशेचा, म्हणजे आधी केलेल्या प्रतींच्या साठ्याचा, काहीच उपयोग होत नाही, कारण प्रत्येक मागणी नवी असते. सर्व्हर प्रत्येक वेळी मूळ फोटो उलगडतो, कापतो, दाबतो, आणि खरे वाचक ताटकळत राहतात. सेवा भाड्याची असेल तर महिनाअखेरीस बिल येतं.

सही अशी चालते. तुमच्या साइटचा सर्व्हर फोटोचा पत्ता बनवताना त्यात मापं आणि मूळ फोटोचं ठिकाण लिहितो, त्याच्या आधी सॉल्ट नावाची अक्षरमाला जोडतो आणि गुप्त किल्ली घेऊन त्या सगळ्यावर एचमॅक पद्धतीचं गणित चालवतो. त्यातून निघणारी अक्षरं म्हणजे सही. ती पत्त्याच्या सुरुवातीला बसते. प्रॉक्सीकडेही तीच किल्ली असते. मागणी आली की ती तेच गणित पुन्हा करून पाहते. कुणी ६४० च्या जागी ६४१ लिहिलं तर सही जुळत नाही आणि मागणी ४०३ च्या, म्हणजे मनाईच्या, उत्तरासह परत जाते. कॅमोमध्येही पत्त्यावर अशीच सही असे. इथे एक धोका लक्षात ठेवा. इम्गप्रॉक्सीला किल्ली आणि सॉल्ट दिले नाहीत तरी ती सुरू होते. लॉगमध्ये फक्त एक इशारा उमटतो. फोटो झकास दिसत असतात, म्हणून लॉग कुणी उघडत नाही आणि दार सताड उघडं राहतं. दुसरी गोष्ट म्हणजे सही नेहमी सर्व्हरवरच करावी. किल्ली जावास्क्रिप्टमधून ब्राउझरमध्ये पोचली की ती गुप्त राहिली नाही.

दुसरा नकार ठिकाणांचा. फोटो कुठून आणायचे याची यादी इम्गप्रॉक्सीला देता येते, आणि ती दिलीच पाहिजे. एरवी प्रॉक्सी जगातल्या कोणत्याही साइटवरचा फोटो तुमच्या नावाने आणि तुमच्या खर्चाने वाटू लागते. ही यादी पत्त्याच्या सुरुवातीशी ताडून पाहिली जाते, त्यामुळे साइटचं नाव लिहून झाल्यावर शेवटची तिरकी रेघ विसरू नये. ती नसेल तर तुमच्या नावाने सुरू होणारं, पण पुढे भलतंच शेपूट असलेलं दुसऱ्याचं डोमेनही यादीत बसतं. एका रेघेने इतका फरक पडतो.

यादीचं खरं कारण याहून गंभीर आहे. प्रॉक्सी तुमच्या जाळ्याच्या आत बसलेली असते. बाहेरच्या माणसाला जे पत्ते दिसत नाहीत, ते तिला दिसतात: त्याच सर्व्हरवरच्या इतर सेवा, कार्यालयातली अंतर्गत यंत्रं आणि क्लाउडवरच्या यंत्राला त्याच्या तात्पुरत्या चाव्या देणारा १६९.२५४.१६९.२५४ हा खास पत्ता. फोटो म्हणून यातला एखादा पत्ता पुढे केला, तर भोळी प्रॉक्सी तिथेही जाते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेतून सुमारे १० कोटी अमेरिकी लोकांची माहिती गेली. तिथे फसवलं गेलं ते चुकीच्या मांडणीतलं फायरवॉल होतं, चित्र-प्रॉक्सी नव्हे; पण आतल्या यंत्राकडून आतल्याच पत्त्यावर मागणी करवून घेण्याची युक्ती हीच होती. म्हणून खासगी आणि स्थानिक पत्ते सरसकट बंद करावेत. परवानगी असलेल्या साइटने पुढे भलतीकडे वळवलं, तरी तो दुसरा पत्ताही तपासला जातो ना, हे पाहावं.

तिसरा नकार आकाराचा, आणि इथे फाइलचं वजन फसवतं. ३०,००० पिक्सेल लांब आणि तितकीच रुंद, एकाच रंगाने भरलेली पीएनजी फाइल दाबल्यावर एक एमबीहूनही लहान होऊ शकते. उलगडल्यावर तिच्यात ९० कोटी ठिपके असतात. प्रत्येकाला चार बाइट धरले तर ३६० कोटी बाइट, म्हणजे साडेतीन जीबीहून जास्त स्मृती. अशा दोन-तीन फाइली एकदम आल्या की लहान सर्व्हर कोसळतो. म्हणून मूळ फोटोत जास्तीत जास्त किती पिक्सेल चालतील, याची मर्यादा घालतात. बातमी किंवा दुकानाच्या साइटला पाच कोटींची मर्यादा पुष्कळ झाली. अलीकडचे काही फोन १० कोटींहून अधिक पिक्सेलचे फोटोही काढतात. ते फोटो चढवतानाच लहान करून घ्यावेत, प्रॉक्सीच्या गळ्यात घालू नयेत.

फाइल उघडणाऱ्या प्रणालीतही भोकं सापडतात. मे २०१६ मध्ये इमेजमॅजिक या जुन्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत अशी चूक उघडकीला आली की खास बनवलेली फाइल चढवून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या प्रकारचे फोटो वाचणाऱ्या लायब्ररीतली चूक सापडली आणि क्रोम, फायरफॉक्ससह असंख्य प्रणालींना घाईने नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. फोटो म्हणजे निरुपद्रवी गोष्ट, हा समज सोडून द्यायला हवा. प्रॉक्सीची आवृत्ती नियमाने अद्ययावत करावी आणि तिला बाकीच्या सर्व्हरपासून वेगळ्या, कमी अधिकारांच्या कंटेनरमध्ये ठेवावं.

एवढं झालं की वेगाकडे वळता येतं. मुक्त स्वरूपातली इम्गप्रॉक्सी केलेलं काम साठवून ठेवत नाही. तोच फोटो पुन्हा मागितला तर पुन्हा कापते. म्हणून तिच्या पुढे एनजिनएक्सची कॅशे किंवा सीडीएन, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून प्रती देणारं जाळं, लागतंच. कॅशेत फोटो वर्षभर ठेवायला हरकत नाही, मात्र फोटो बदलला की त्याचं नावही बदलायचं, हा नियम पाळला पाहिजे. वर्डप्रेसच्या जेटपॅकबरोबर येणारी फोटॉन ही सेवा तर कॅशे कायमचीच धरते आणि फोटो बदलण्यासाठी फाइलचं नाव बदला, असं स्पष्ट सांगते. चुकांची उत्तरं मात्र वर्षभर साठवू नयेत. मूळ सर्व्हर पाच मिनिटं बंद होता, तेवढ्यात आलेलं ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’ हे उत्तर, कॅशेत अडकलं, तर तो फोटो वर्षभर गायब. आणखी एक वेळ सांभाळायची असते. मोठी बातमी येते, पहिल्याच मिनिटाला हजार वाचक एकच नवा फोटो मागतात आणि कॅशे रिकामी असते. एनजिनएक्समध्ये कॅशे-लॉक चालू केलं, तर पहिलीच मागणी प्रॉक्सीपर्यंत जाते आणि बाकीच्या तिच्या उत्तरासाठी थांबतात.

मग फोटोच्या प्रकारांचा प्रश्न. जेपीईजी हे मानक १९९२ सालचं. त्याच्या गाभ्याशी असलेलं कोसाइन रूपांतर बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ च्या निबंधात मांडलं. आपण रोज पाहतो त्या बहुतेक फोटोंच्या मुळाशी तेच गणित आहे. गूगलने २०१० मध्ये वेबपी आणलं, २०१९ मध्ये एव्हीआयएफचं मानक आलं. सारख्याच दर्जाला दोन्ही जेपीईजीहून हलकी पडतात, एव्हीआयएफ जास्तच. पण आयफोनच्या सफारीला वेबपी २०२० मध्ये समजू लागलं आणि एव्हीआयएफ २०२२ मध्ये. त्याआधीचे फोन अजून वापरात आहेत. ब्राउझर मागणी करताना ॲक्सेप्ट नावाच्या शीर्षात आपल्याला काय वाचता येतं ते कळवतो आणि प्रॉक्सी त्यावरून प्रकार निवडते. चूक होते ती कॅशेत. एव्हीआयएफ कळणाऱ्या वाचकासाठी बनलेली प्रत कॅशेने जुन्या फोनला दिली, की तिथे रिकामी चौकट दिसते. उत्तर ॲक्सेप्टनुसार बदलतं, हे सांगणारं व्हॅरी शीर्ष म्हणूनच लागतं. काही सीडीएन ते विचारातच घेत नाहीत, आणि प्रत्येक ब्राउझरचा ॲक्सेप्टचा मजकूर थोडा वेगळा असल्यामुळे कॅशेचे विनाकारण तुकडेही पडतात. बरा मार्ग असा: एव्हीआयएफ, वेबपी आणि बाकी, असे तीनच गट करून त्या गटाचं नाव कॅशेच्या चावीत घालायचं. सर्व्हर लहान असेल तर मी एव्हीआयएफ बंदच ठेवीन. ते बनवायला प्रोसेसरला बराच वेळ लागतो आणि तो वेळ पहिल्या वाचकाच्या वाट्याला येतो.

आता दर्जाचा आकडा. तो टक्केवारी नव्हे. जेपीईजीतलं ८० आणि एव्हीआयएफमधलं ८० यांचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणून प्रत्येक प्रकाराला वेगळा आकडा द्यावा आणि डोळ्यांनी पाहून ठरवावा. मराठी साइटसाठी इथे एक खास काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे फोटोंत अक्षरं फार असतात: शुभेच्छापत्रं, कार्यक्रमपत्रिका, निविदा, कात्रणं. जेपीईजी तीव्र कडांभोवती धुरकट ठिपके सोडतं आणि शिरोरेखेच्या खाली ते लगेच जाणवतात. शिवाय हे प्रकार रंगाची माहिती बहुधा चार ठिपक्यांत मिळून एकदाच साठवतात. दर्जा घटवणाऱ्या वेबपीत तर दुसरा पर्यायच नाही. निसर्गदृश्यात ते कळत नाही, पण पिवळ्यावर लाल अक्षरांतला अनुस्वार आणि रफार त्यात विरघळतात, आणि अनुस्वार गेला की कित्येकदा अर्थच जातो. अक्षरांच्या चित्रांसाठी दर्जा न घटवणारं वेबपी किंवा पीएनजी असा वेगळा प्रीसेट ठेवावा. त्याहून चांगलं म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये मजकूर म्हणूनच द्यावा. जुन्या, युनिकोडबाह्य फाँटांच्या काळात पानाचं चित्र करून टाकणं समजण्यासारखं होतं; आज ते शोधात सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही.

कापण्याबद्दलही असंच. यंत्राला चौकट भरायला सांगितलं तर ते मधला भाग ठेवून कडा छाटतं. ब्राझीलच्या ग्लोबो समूहाच्या थंबर या प्रणालीत चेहरे ओळखून कापण्याची सोय आहे, इम्गप्रॉक्सीतही लक्षवेधी भाग शोधण्याचा पर्याय आहे. पण सत्कार समारंभाच्या फोटोत बारा जण एका रांगेत उभे असतात आणि खाली डावीकडून नावं छापलेली असतात. तिथे कोणतंही शहाणपण चालत नाही. पूर्ण फोटो चौकटीत बसवणं हेच बरोबर. लहान फोटो ताणून मोठा करण्याची परवानगी कुठेच देऊ नये.

फोटोच्या पोटात दडलेली माहिती हा मला सर्वांत कळीचा भाग वाटतो. फोनमधून आलेल्या फाइलीत तारीख, कॅमेरा आणि बऱ्याचदा अक्षांश-रेखांशही असतात. अत्याचारग्रस्त कुटुंबाच्या घरी वार्ताहराने काढलेला फोटो तसाच छापला, तर नाव लपवूनही घर उघड होतं. इम्गप्रॉक्सी ही माहिती मुळातच काढून टाकते; छायाचित्रकाराच्या हक्काची नोंद तेवढी राखावी. पण प्रॉक्सीच्या पत्त्यात मूळ फाइलचा पत्ता सरळ वाचता येतो आणि ती फाइल सर्वांना खुली असेल, तर कुणीही प्रॉक्सीला वळसा घालून मूळ फोटो उतरवून घेतो, त्यातल्या अक्षांश-रेखांशासकट. मूळ फोटो बंद साठवणीत ठेवा आणि वाचण्याची परवानगी एकट्या प्रॉक्सीला द्या.

बदल एकदम सगळीकडे करू नका. आधी लेखाच्या डोक्यावरचा एकच मुख्य फोटो प्रॉक्सीवर न्या, पाच-सहा ठरावीक रुंदी द्या, पानात रुंदी-उंची लिहा म्हणजे मजकूर उड्या मारणार नाही, आणि या पहिल्या फोटोला उशिरा उतरण्याची सूचना देऊ नका. काही दिवस लॉगमधले ४०३ आणि ४०४ पाहा, एखादा जुना फोन हाताशी घेऊन पानं उघडून पाहा आणि मगच बाकीचे फोटो हलवा. सगळं सुरळीत झालं म्हणून जागा वाचवण्यासाठी मूळ फाइली मात्र पुसू नका. ८०० पिक्सेलच्या प्रतीतून ४००० पिक्सेलचा फोटो परत मिळत नाही.